आईच्या गुडघ्यांची गाडी

आम्ही गाडी घेतली ती आईच्या गुडघ्यांसाठी. कराडहून चिपळूणला माहेरी जायचं तर तिची एसटी ठरलेली. पण पासष्टी उलटली आणि एसटीची पहिली पायरीच तिला चढवेना. दोन वर्षं माहेर तुटलं.

गाड्या बघताना मी तिला प्रत्येक गाडीत बसवून पाहिलं. बुटक्या गाडीतून उठताना तिला दोघांनी हात द्यावा लागे. उंच गाडीत पाय टाकणं जमेना, शिवाय किंमतही आवाक्याबाहेरची. वॅगनआरपाशी मात्र ती पाठमोरी झाली, सीटवर टेकली, मग दाराला धरून वळली आणि एकेक पाय आत घेतला. कुणाचा हात लागला नाही. "हीच घे," म्हणाली.

रोजचं येणं-जाणं असल्यामुळे सीएनजीची घेतली. किलोला पंचवीसच्या आसपास पडते, त्यामुळे हप्ते जड गेले नाहीत. साठ लिटरच्या टाकीने डिकी मात्र खाल्ली. माहेरचे तांदूळ, आमसुलं, फणस सगळं पायाशी नाहीतर मांडीवर.

कुंभार्ली घाटाने मला ही गाडी चालवायला शिकवलं. पहिल्याच वर्षी चिपळूणहून परतत होतो. पोफळी मागे टाकून चढ सुरू झाला. पाच माणसं, तांदळाचं पोतं, एसी चालू, पुढे मालट्रक. वळणावर ट्रक थांबला, मलाही थांबावं लागलं. पुन्हा निघताना गाडी दम धरेना. दोनदा बंद पडली, क्लच जळल्याचा वास आला. मागे आई गप्प, पण तिने पुढची सीट घट्ट धरलेली. हँडब्रेक ओढला, एसी बंद केला, स्टिअरिंगजवळचं बटण दाबून पेट्रोलवर घेतली आणि पहिल्या गिअरमध्ये हळूहळू वर काढली. सीएनजीवर ताकद थोडी कमी पडते, हे ऐकून होतो. त्या वळणावर ते पायाला कळलं. तेव्हापासून भरल्या गाडीने घाट चढायचा तो पेट्रोलवर, एसी बंद करून.

बाकी तक्रार नाही. मोकळ्या रस्त्यावर आडवा वारा आला की उंचीमुळे जरा डुलते, तिथे वेग आवरतो. टाकीची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट एकदाही चुकवली नाही.

आता मुलगा मोठ्या गाडीचं म्हणतो. परवा एका गाडीचं दार उघडून त्याने आजीला बोलावलं. तिने पायरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मुलाला म्हटलं, राहू दे. मे महिन्यात चिपळूणला जायचंय, तेवढे ब्रेक बघून घेतो.