स्क्रोल लॉकखालचं उलटं नाव

२००३ च्या मे महिन्यात मी महाल भागातल्या एका छापखान्यात डीटीपी ऑपरेटर होतो. लग्नसराई ऐन भरात होती. नागपूरचं ऊन पंचेचाळिसाच्या वर, माझ्या टेबलाशेजारी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर, आणि कूलरच्या वाऱ्यानं उडू पाहणारी पत्रिकांची मसुद्याची पानं. असंच एक पान धरायला हात टाकला आणि अर्धा कप चहा कीबोर्डवर सांडला. उजव्या बाजूला. मी रुमालानं पुसलं, कीबोर्ड उपडा करून झटकला, आणि कुणी पाहिलं नाही याची खात्री करून घेतली.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी साखर वाळली आणि कान्याची की मेली.

ज्यांनी रेमिंग्टन पद्धतीनं मराठी टाइप केलंय, त्यांनाच या मरणाचा अर्थ कळेल. त्या पद्धतीत श, भ, ण, ध अशी काही अक्षरं आधी अर्धी उमटवायची आणि मग काना देऊन पुरी करायची. टाइपरायटरवर कमीत कमी कळांत सगळी बाराखडी बसवायची म्हणून काढलेली ही युक्ती, आम्ही ती संगणकावरही तशीच आणली होती. म्हणजे काना गेला की नुसता काना जात नाही. ‘शुभविवाह’ मधला श अर्धा, भ अर्धा, आणि वा चा व. ऐन मे महिन्यात छापखान्यात शुभविवाह लिहिता येईना.

मालकांनी तो कीबोर्ड मुद्दाम घेतलेला होता. टीव्हीएसचा गोल्ड. त्या काळी नागपुरात टायपिस्ट, हिशेबनीस, औषधांची दुकानं, जिथे दिवसभर बोटं चालायची तिथे हा कीबोर्ड दिसायचा आणि त्याहून आधी ऐकू यायचा. मालकांनी मला कीबोर्ड पिशवीत घालून बर्डीवर पाठवलं. मोदी नंबरच्या गल्ल्यांपैकी एकीत, जिन्याखालच्या खोपटात, एक काका कीबोर्ड दुरुस्त करतात म्हणाले.

काकांनी कीबोर्ड हातात घेतला. चालू करून पाहिला नाही. उलटा केला, मागचं लेबल वाचलं, केबलच्या टोकाची गोल पिन पाहिली, मग सुलटा करून कान्याची की दाबली आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “किती चमचे साखर टाकतोस बे?”

मी गप्प.

“पाय, हे कट् वाजत नाई. वाजाले पाहिजे. याच्यात पांढरी एक टोपडी असते, ते खाली पडली की आवाज होते. साखरेनं चिकटली ते.”

त्यांनी चिमट्यानं कीचं टोपण उचललं. खाली निळा दांडा, त्याच्या डोक्यावर बेरजेच्या चिन्हासारखी फुली, आणि काळ्या घरावर बारीक अक्षरांत नाव: चेरी. जर्मन कंपनी. १९८० च्या दशकाच्या मध्यात तिनं हे एमएक्स स्विच काढले, आणि महालातल्या पत्रिका ज्याच्यावर लिहिल्या जात होत्या तो आमचा गोल्ड त्याच स्विचांवर उभा होता. हे मला त्या दिवशी कळलं. तोवर माझ्या लेखी कीबोर्ड म्हणजे कीबोर्ड.

चहा डझनभर स्विचांत गेला होता. हे स्विच लोखंडी पत्र्यात बसवलेले आणि खाली डाग दिलेले असतात, त्यामुळे उघडायचे तर आधी एकेकाचे दोन्ही पाय कथिलातून मोकळे करावे लागतात. काकांनी ते सगळे काढले, आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं, धुतले, पुन्हा लावले. अकरा जगले. कान्याचा आतला संपर्कच गेला होता. नवा सुटा स्विच तेव्हा नागपुरात कुठून मिळणार? काकांनी कीबोर्डच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बोट ठेवलं. स्क्रोल लॉक.

“हे कोणी दाबते का? घरात बसून खाणारा काका असते ना, तसा हाय. याले कामाले लावू.”

स्क्रोल लॉकचा स्विच कान्याखाली आला. शुभविवाह पुन्हा लिहिता येऊ लागला. कान्याचा मेलेला स्विच त्यांनी पाय कापून स्क्रोल लॉकच्या जागी दाबून बसवला. पण बसवताना अर्धा वळसा फिरवला. घरावरचं चेरीचं नाव उलटं आलं. मला वाटलं, चुकले.

संध्याकाळी मालक स्वतः आले आणि थेट विचारलं, “चहा-बिहा सांडला होता का यानं?”

माझा पगार तेव्हा इतका होता की कीबोर्डची किंमत त्यातून कापली असती तर महिना उपाशी गेला असता. काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, “कूलरची ओल हाय मालक. कूलरचं तोंड त्या टेबलाकडून फिरवा.”

मालकांनी कूलरचं तोंड फिरवलं. तो उरलेला उन्हाळा मी कसा काढला ते मी जाणतो. दुरुस्तीचे पैसे काकांनी मालकांकडून चोख घेतले, एक रुपया सोडला नाही. मला मात्र निघताना हाताला धरून थांबवलं.

“तुझ्यापायी खोटं बोललो. उधारी झाली तुह्यावर. रविवारी येत जा, फेडून टाक.”

मी चार रविवार धरून गेलो. ते फेडणं २००९ पर्यंत चाललं.

काम साधं होतं. टोपणं काढायची, साबणाच्या पाण्यात घालायची, ब्रशनं घासायची, सावलीत वाळवायची आणि परत बसवायची. हे करताना काका बोलत. ते आधी टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत. गोदरेजनं १९५५ साली देशी टाइपरायटर काढला, त्या वंशातली काही यंत्रं आणि काही रेमिंग्टन, अशी एक खोली भरून. पुण्याच्या परीक्षा परिषदेच्या मराठी तीस आणि चाळीस शब्दांच्या परीक्षेला त्यांनी पोरांच्या कित्येक बॅचा बसवल्या. मग संगणक आले, यंत्रं भंगारात किलोनं गेली आणि काका पोरांच्या बोटांवरून त्यांच्या कीबोर्डांवर आले. सवय तीच राहिली होती: गिऱ्हाइकाकडे पाठ करून बसायचं आणि म्हणायचं, “काही लिही.” आवाज ऐकून ते आत रबर आहे की स्प्रिंग, ते सांगत. कधी चुकत. चुकले की कबूल करत आणि मग अर्धा तास त्या कीबोर्डला शिव्या देत.

कीबोर्डची ओळख पटवायची त्यांची रीत ठरलेली होती आणि तिच्यात घाई चालत नसे. आधी वजन. हलका असेल तर आत पत्रा नाही, पत्रा नसेल तर बहुधा रबराच्या घुमट्या. मग उलटा करून लेबल. मग केबलचं टोक: जाडी पाच पिनांची गोल म्हणजे जुना, बारीक सहा पिनांची म्हणजे १९८७ नंतरची पद्धत, आणि ती जांभळी असेल तर आणखी अलीकडची, रंग ठरले ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. मग खालची ओळ. विंडोजची की १९९४ च्या आसपास आली, ती नसेल तर कीबोर्ड बहुधा त्याआधीचा. बहुधा. हा शब्द ते नेहमी लावत. गोल्डवर रुपयाचं चिन्ह असेल तर मात्र बहुधा नाही, नक्की, कारण ते चिन्हच जुलै २०१० मध्ये आलं. ही शेवटची खूण त्यांना मी पुढे दाखवली होती. त्यांना शिकवलेली माझी एकुलती एक गोष्ट.

सगळ्यात शेवटी टोपण उचलायचं. फुली दिसली तर चेरीचं घराणं. तिथे रंग वाचायचा. निळा बोलतो, तपकिरी बोटाला नुसतं टोचतो, काळा आणि लाल सरळ खाली जातात, काळा जरा जड. फुलीऐवजी आडवी चौकोनी फट दिसली तर जपानी आल्प्स. आल्प्सच्या रंगांपुढे काका हात टेकत. निळा, पांढरा, नारिंगी, आणखी किती, आणि त्यात चेरीचं गणित लागू नाही. “हे रंग वाचाले जपानात सोयरीक पाहिजे,” म्हणत.

आणि एक तिसरी जात होती. ती त्यांनी मला दीडएक वर्षानं दाखवली, पत्र्याच्या पेटीतून जुन्या धोतरात गुंडाळलेली. आयबीएमचा मॉडेल एम. दोन किलोच्या वर. मागच्या लेबलवर भाग क्रमांक १३९१४०१ आणि तारीख १९८९ ची. कुठल्याशा लिलावातून भंगारात आलेला, पत्र्याच्या वजनामुळे किलोच्या भावात गेलेला, आणि काकांनी त्याच भावात परत घेतलेला. टोपण उचललं तर आत ना फुली ना फट, उघडी स्प्रिंग. दाबली की ती सरळ दबत नाही, मध्येच कंबरेत मोडते, आणि मोडताना खालच्या तुकड्याला आपटते. आवाज आणि अक्षर एकाच क्षणी. “ह्यो खोटं बोलूच शकत नाई,” काका म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हसले. मी मान खाली घातली.

आयबीएमनं १९७८ मध्ये भारतातून गाशा गुंडाळला होता आणि ती परतली टाटांच्या जोडीनं १९९२ मध्ये. मग १९८९ चा हा कीबोर्ड नागपुरात कसा आला? काका म्हणत, हे लेबल सांगत नाही. लेबल एवढंच सांगतं की हा १९८९ चा, म्हणजे १९९१ मध्ये आयबीएमनं हा धंदा लेक्समार्क कंपनीच्या हवाली केला आणि लेबलं बदलली, त्याआधीचा. जे लेबल सांगत नाही ते आपण सांगायचं नाही. गिऱ्हाइकाला किंमत वाढवून सांगताना सोडून, अर्थात. तेवढी सूट ते स्वतःला देत.

उलट्या नावाचं मी खूप उशिरा विचारलं. तोवर मीही डाग देऊ लागलो होतो आणि माझ्यासमोर काकांनी तीन-चार कीबोर्डांत तेच केलं होतं: स्क्रोल लॉकचा स्विच काढून मेलेल्या कीला द्यायचा, आणि मेलेला स्क्रोल लॉकच्या जागी, उलट्या नावानं.

“अरे, उद्या हा कीबोर्ड दुसऱ्याच्या हाती गेला,” ते म्हणाले, “आणि त्याले बी स्विच पाहिजे असला, तर ते बी इथंच हात घालन. डाग काढन, लावन, आणि मंग समजन का मेला हाय. त्याची मेहनत काहून वाया घालाची? उलटा दिसला का सोडून देईन.”

मालकाशी खोटं बोलले होते त्याच संध्याकाळी, ज्याला कधी पाहणारही नव्हते त्या कारागिरासाठी त्यांनी हे खरं लिहून ठेवलं होतं. यातलं कोणतं माझ्यासाठी जास्त होतं, हे मला आजही ठरवता येत नाही.

काका २०१४ मध्ये गेले, मुलाकडे, दुसऱ्या गावी. मला महिनाभरानं कळलं. जिन्याखालच्या खोपटात आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. मॉडेल एमचं काय झालं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो मागायला आलो असं वाटलं असतं, आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं.

मी आता धरमपेठेत छोटं डीटीपी चालवतो आणि रविवारी कीबोर्ड. गिऱ्हाईक बदललंय. कॉलेजची पोरं येतात, खेळायला खटखट वाजणारा कीबोर्ड हवा असतो, स्विचांची नावं तोंडपाठ. एकजण निळ्या स्विचांचं कौतुक सांगत होता. त्याच्या वडिलांचं औषधांचं दुकान, तिथल्या काउंटरवर वीस वर्षं गोल्ड वाजतोय हे मी त्याला सांगितलं तर विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी दुकानातूनच फोटो पाठवला, टोपण काढलेला, निळा दांडा. खाली नुसतं “काका!!!”. आता काका मी आहे. पोरांना मी एकच सांगतो, नुसती फुली पाहून फसू नका, नाव वाचा. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यावर फुली कुणीही काढतं, निळा रंगही कुणीही लावतं.

स्क्रोल लॉकचे स्विच मी अजून काढतो. एक्सेलवाले हिशेबनीस उलट खूश होतात, ती चुकून दाबली गेली की बाण दाबल्यावर चौकटीऐवजी सगळं पान सरकतं, आणि ते बिचारे संगणक बिघडला म्हणून फोन करत बसतात.

मागच्या दिवाळीआधी कामठी रोडच्या एका कबाड्याकडे ढिगात गोल्ड दिसला. टोपणं घासून गुळगुळीत, एंटर फुटलेली, केबल मुळाशी कापलेली. मी सवयीनं वजन पाहिलं, उलटा केला. लेबल कुणीतरी खरवडलं होतं. कबाड्याचा चिमटा मागून घेतला आणि स्क्रोल लॉकचं टोपण उचललं.

नाव उलटं होतं.

मी तिथेच पोत्यावर बसलो. कबाडी म्हणाला, साहेब, पाणी देऊ का? नको म्हटलं. मग शेजारच्या पॉजचं टोपण काढलं. तिथेही चेरी उलटी. म्हणजे हा कीबोर्ड काकांकडे दोनदा येऊन गेला होता.