पाच टक्क्यांचा कागद

जुन्या नाशकात निवडणुकीची चाहूल पेपरातून लागत नाही, चौक मंडईत लागते. साडेचार वर्षं न दिसलेली माणसं एकाएकी सलाम करू लागतात, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीबाहेर ताटकळतात. आम्हाला याचा राग येत नाही. राग येतो तो 2014 आठवलं की.

त्या साली आम्हाला नुसतं आश्वासन नव्हे, चक्क कागद मिळाला होता. 2006 मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला, 2013 मध्ये राज्याच्या महमूदुर्रहमान समितीचा. शिक्षणात मागे, सरकारी नोकरीत त्याहून मागे, हे आम्हाला ठाऊकच होतं. काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार 1999 पासून होतं. जाग आली ती मे 2014 मध्ये लोकसभेला सपाटून मार खाल्ल्यावर! जुलैत अध्यादेश निघाला. मराठा समाजाला 16 टक्के, मुस्लिमांतल्या मागास गटांना 5. विधानसभेचं मतदान ऑक्टोबरात.

तरी आम्ही धावलो. ट्रंका उघडल्या, वडील-आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले शोधले. जातीच्या रकान्यात नुसतंच 'मुसलमान'. आता जात सिद्ध कशी करायची? घरातल्या मुलीला फार्मसीला जायचं होतं. खिडकीवरचा कारकून म्हणाला, "चाचा, अर्जाचा नमुनाच आला नाही अजून." चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला मुलगीच म्हणाली, "अब्बा, राहू द्या."

नोव्हेंबरात उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि आमच्या नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शासकीय शिक्षणसंस्थांतले 5 टक्के राहू दिले. कोर्टाने उघडं ठेवलेलं ते दार सरकारने लावून घेतलं. तोवर सत्ता भाजपकडे गेली होती. डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मराठा आरक्षणाचा कायदा झाला, आमचा अध्यादेश मुदत संपून मेला. धर्मावर आरक्षण देता येत नाही, असं सांगण्यात आलं. अध्यादेशात तर मागास गटांची यादी होती!

भाजपकडून अपेक्षाच नव्हती, म्हणून तिथे फारसं दुखलं नाही. दुखलं ते फेब्रुवारी 2020 नंतर. महाविकास आघाडीचे अल्पसंख्याक मंत्री नवाब मलिक यांनी विधान परिषदेत सांगितलं, शिक्षणात 5 टक्क्यांचा कायदा करू. मोहल्ल्यात मिठाई वाटली गेली. काही दिवसांतच मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले, असा प्रस्ताव आपल्यापुढे आलेलाच नाही. मग कोरोना आला. जून 2022 मध्ये सरकार गेलं; कायदा काही झाला नाही.

हल्ली आमच्याकडे मतं मागायला येणारे आरक्षणाचं नावही काढत नाहीत. "आम्हाला नाही दिलंत तर ते येतील," एवढंच म्हणतात. तेवढ्यावर मतं मिळत असतील तर विधेयकाचा मसुदा लिहायची तसदी कोण घेईल? फार तर कब्रस्तानची भिंत, शादीखान्याचे पत्रे.

गेल्या खेपेला आमच्यातल्या एका बुजुर्गांनी उमेदवाराला गटार, नळ काही विचारलं नाही. "बेटा, त्या पाच टक्क्यांचं काय झालं?" एवढंच विचारलं. त्याने शेजारच्या कार्यकर्त्याकडे पाहिलं. कार्यकर्त्याने चहा मागवला.