माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे

‘समक्ष विचारलेवरून जबाब देतो की...’ आमच्या भागातल्या पोलीस ठाण्यांत प्रत्येकाची कहाणी अशी सुरू व्हायची आणि ‘वाचून दाखवला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ इथे संपायची. मधला सगळा मजकूर हवालदाराच्या हातचा. कागदाखाली निळा कार्बन, दाबून लिहिलेली अक्षरं, शेवटच्या प्रतीवर जेमतेम उमटलेली.

वकिलीच्या निमित्ताने असे जबाब खूप वाचले. त्या वळणदार अक्षराचा मला अजून लोभ आहे. जुने हवालदार आधी पाणी द्यायचे, रडणाऱ्याला रडू द्यायचे आणि मग पेन उघडायचे. कोण घाबरून गप्प बसलंय आणि कोण लपवतंय, हे त्यांना न सांगता कळायचं.

पण कागदावर आवाज उरत नसे. उल्हासनगरच्या कॅम्पातली, फाळणीत घरदार सोडून आलेली सिंधी आजी सिंधीत सांगायची, शेजारचा कुणी ते हिंदीत करायचा, हवालदार मराठीत लिहायचा. बदलापूरकडची आगरी बाई तिच्या बोलीत बोलायची, अंबरनाथच्या एमआयडीसीतला कामगार भोजपुरीत. कागदावर तिघं एकाच तोंडाने बोलत: ‘सदर इसमाने मला शिवीगाळ करून हाताबुक्क्यांनी मारहाण केली.’ आजी मध्येच कुठे थांबली, कुठल्या नावाशी अडखळली, हे न्यायाधीशांपर्यंत कधीच पोचलं नाही. शिवाय बंद दाराआड कुणाकडून काय वदवून घेतलं, याला साक्षीदार नसे. त्या काळाची आठवण काढताना हेही आठवावंच लागतं.

टेपवरचा आवाज पुरावा होऊ शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या एका लाचेच्या खटल्यात 1967 मध्येच मान्य केलं होतं. तरी जबाबाच्या टेबलावर यंत्र यायला चार दशकं गेली. ध्वनिचित्रमुद्रणाने जबाब घेण्याची मुभा कायद्यात आली 2009 च्या अखेरीस. 2012 च्या पॉक्सो कायद्याने शक्य तिथे मुलांचा जबाब असा नोंदवायला सांगितलं. कोठडीतल्या एका मृत्यूच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2014 मध्ये ठाण्यांत कॅमेरे लावायला सांगितले. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरासाठी आवाजासह चित्रण आणि ते शक्यतो 18 महिने जपणं बंधनकारक केलं. 1 जुलै 2024 पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. आता झडती-जप्तीचंही चित्रण करावं लागतं.

कॅमेऱ्याची ताकद आम्ही जवळून पाहिली. फेब्रुवारी 2024 मध्ये उल्हासनगरच्या हिललाईन ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच गोळीबार झाला. एरवी दहा जणांनी दहा तऱ्हांनी सांगितलं असतं, ते सगळ्या महाराष्ट्राने पडद्यावर पाहिलं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बदलापूर पेटलं. शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराची तक्रार नोंदवायला उशीर झाला, लोक रेल्वे रुळांवर उतरले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि दुसऱ्या मुलीचा जबाब का नोंदवला नाही, असं विचारलं. माझा जीव तिथे तुटला. मुलांसाठीचा पॉक्सो कायदा बारा वर्षांचा झाला होता. मुलाचा जबाब त्याच्या घरी घ्या, गणवेश घालू नका, इतकं बारकाईने त्यात लिहिलेलं आहे.

कायदा पाळायला साधनं लागतात आणि साधनांना पैसा. पोलीस आधुनिकीकरणाची केंद्राची योजना 1969-70 पासूनची. महाराष्ट्रात केंद्राचे 60 आणि राज्याचे 40 टक्के असा वाटा असतो. या पैशातून गाड्या येतात, संगणक येतात, त्यांच्यासोबत फोटोही निघतात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडच्या आमच्या पोलीस ठाण्यांसाठी मला आधी हवी आहे एक खोली, जिथे बाहेरचा गलका आणि पंख्याची घरघर माइकात शिरणार नाही. मूल पाय वर घेऊन बसेल अशी खुर्ची. वीज गेली तरी चालणारं यंत्र आणि त्याच्या देखभालीची दरवर्षीची तरतूद, कारण बंद पडलेल्या कॅमेऱ्याला अनुदानाची पाटी असून उपयोग नाही. सिंधी आणि आगरी कान असलेलं कुणीतरी मुद्रण ऐकून उतरवून घ्यायला. आणि ते सगळं सुरू करण्याआधी पाण्याचा पेला पुढे करणारा हवालदार, तो मात्र जुनाच.