अपवाद

विद्या आणि विनय यांची सांगड आपल्या सुभाषितकारांनीं फार पूर्वीं घालून ठेवली आहे, आणि आम्हींही ती वर्गांत तीस-पस्तीस वर्षें शिकविली. परंतु ही सांगड आपोआप पडत नसते. हें ज्यास डोळ्यांनीं पाहावयाचें असेल त्यानें १९५९ सालचा ‘कंपल्शन’ हा अमेरिकन चित्रपट अवश्य पाहावा. खुनाचा चित्रपट म्हटला कीं सुशिक्षित घरांतील वडील मंडळी नाक मुरडतात, आणि बहुधा तें योग्यच असतें. रिचर्ड फ्लायशर या दिग्दर्शकानें मात्र या चित्रपटांत प्रत्यक्ष खून मुळींच दाखविलेला नाहीं. त्याचा सारा रोख खून करणाऱ्यांच्या बुद्धीकडे आहे.

कथानकास आधार खऱ्या घटनेचा आहे. ता. २१ मे १९२४ रोजीं शिकागो शहरांत चौदा वर्षांचा एक मुलगा शाळेंतून घरीं परतत असतां त्यास भाड्याच्या मोटारींत घेऊन ठार मारण्यांत आलें. मारणारे कोणी दरोडेखोर नव्हते. नेथन लिओपोल्ड हा एकोणीस वर्षांचा आणि रिचर्ड लोब हा अठरा वर्षांचा. दोघेही धनाढ्य घरचे, आणि इतरांच्या मानानें फार लवकर पदवीधर झालेले. लिओपोल्ड तर कायद्याचा विद्यार्थी, अनेक भाषांचा अभ्यासक आणि पक्षिशास्त्रांत लेख लिहिणारा. त्यांनीं मुलाच्या घरीं दहा हजार डॉलरांची मागणी केली खरी, पण पैशाची त्यांस गरज नव्हती. आपण असामान्य आहों, असामान्यांस सामान्यांचे नियम लागू नाहींत, आणि न सांपडणारा गुन्हा करून हें सिद्ध करतां येतें, हा त्यांचा सिद्धान्त! नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाच्या ग्रंथांतून लिओपोल्डनें तो काढला होता.

त्याच विद्यापीठांत त्या वेळीं मेयर लेव्हिन नांवाचा विद्यार्थी शिकत होता. पुढें त्यानें १९५६ सालीं या प्रकरणावर कादंबरी लिहिली, आणि तिच्यावरून हा चित्रपट निघाला. नांवें बदललेलीं आहेत. डीन स्टॉकवेल याचा जड स्टायनर अबोल, पक्ष्यांच्या संग्रहांत रमणारा. ब्रॅडफर्ड डिलमन याचा आर्टी स्ट्रॉस हंसतमुख व निर्लज्ज. एक आज्ञा करतो, दुसरा ती पाळतो. आर्टी तर पोलिसांस साहाय्य करण्याचें ढोंग करून त्यांस भलत्याच वाटेस लावतो, आणि त्याच्या घरंदाज बोलण्यामुळें त्याची शंकाही कोणास येत नाहीं.

ते सांपडले कसे, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. प्रेताजवळ एक चष्मा पडला होता. त्याची भिंगें सामान्य, चौकटही सामान्य. परंतु तिची बिजागरी निराळी होती, आणि तसले चष्मे त्या सबंध शहरांत अवघे तीन विकले गेले होते. त्यांतील एक लिओपोल्डचा. पुढें दोन वार्ताहरांनीं त्यानें सहाध्यायांसाठीं टंकलिखित केलेलीं अभ्यासाचीं टिपणें मिळविलीं. पैशाची मागणी करणाऱ्या पत्रांतील अक्षरें त्यांशीं जुळलीं. परीक्षेसाठीं केलेलीं टिपणें खुनाचा पुरावा झालीं!

खटल्यांत क्लॅरेन्स डॅरो हे प्रसिद्ध वकील मुलांच्या बाजूनें उभे राहिले. त्यांनीं गुन्हा कबूल करविला. त्यामुळें पंच राहिले नाहींत, आणि शिक्षेचा निर्णय एकट्या न्यायाधीशांवर आला. चित्रपटांत हें काम ऑर्सन वेल्स यांनीं केलें आहे. दमलेला, अवजड देहाचा हा वकील आवाज न चढवितां फांशीविरुद्ध बोलत राहतो, आणि ऐकणारा खिळून जातो. वेल्स, स्टॉकवेल आणि डिलमन या तिघांस १९५९ सालीं कान येथील महोत्सवांत अभिनयाचें पारितोषिक विभागून मिळालें.

डॅरो यांनीं प्रत्यक्ष न्यायालयांत जो युक्तिवाद केला, त्यांतील एक मुद्दा शिक्षकाच्या वर्मीं लागणारा आहे. विद्यापीठांतच जें तत्त्वज्ञान या मुलास मिळालें, त्यासाठीं त्याला फांशीं देणें न्याय्य आहे काय, असें त्यांनीं विचारलें. मग दोष पुस्तकाचा कीं गुरूचा? हिचकॉक यांच्या १९४८ सालच्या ‘रोप’ या चित्रपटावर याच घटनेची छाया आहे असें मानतात. तेथें तर असले विचार बोलून दाखविणारा जुना शिक्षकच शेवटीं पेटी उघडून प्रेत पाहतो आणि हादरून जातो.

आमच्या मतें उत्तर आमच्या जुन्या व्याकरणांत आहे. सर्वसाधारण नियमास तेथें उत्सर्ग म्हणतात, आणि विशिष्ट स्थळीं त्यास बाजूस सारणाऱ्या नियमास अपवाद. अपवाद बलवान् असतो, यांत संशय नाहीं. परंतु तो सूत्रकारानें सांगितलेला असावा लागतो. ‘मला हें सूत्र लागू नाहीं’ असें कोणताही शब्द स्वतः म्हणत नाहीं. या दोघांनीं स्वतःच स्वतःस अपवाद ठरविलें, आणि ही खोड केवळ एका ग्रंथानें लागत नाहीं. हुषार मुलास आपण लहानपणापासून सवलती देत असतों. तो उलट बोलला तर चुणचुणीत, धाकट्यास टोचून बोलला तर विनोदी, मोलकरणीशीं उद्धटपणें वागला तर परीक्षेचा ताण! गुणपत्रिका चांगली असली कीं पुढील चौकशी कोणी करीत नाहीं. ग्रंथ मागाहून येतो, आणि आधींच तयार असलेल्या मनास तो केवळ प्रमाण पुरवितो.

न्यायाधीश कॅव्हर्ली यांनीं फांशी दिली नाहीं. खुनासाठीं जन्मठेप आणि अपहरणासाठीं नव्याण्णव वर्षें, अशी शिक्षा त्यांनीं सप्टेंबर १९२४ मध्यें सुनावली, आणि आधार घेतला तो आरोपींच्या कोवळ्या वयाचा. म्हणजे नियमास तुच्छ लेखणारे हे दोघे वांचले तेही अपवादानेंच. पण तो त्यांनीं घेतलेला नव्हता, अधिकारी पुरुषानें दिलेला होता. दया म्हणतात ती हीच. चित्रपटाच्या शेवटीं देवाधर्माविषयीं उदासीन असा तो वकील जडला सुचवितो कीं, चष्मा तेथें कोणीं पाडला, हा प्रश्न तुला पुढें पडत राहील.

लोब १९३६ सालीं तुरुंगांत दुसऱ्या कैद्याच्या हातून मारला गेला. लिओपोल्ड १९५८ सालीं सुटला, पोर्टो रिको बेटावर रुग्णालयांत काम करूं लागला, आणि १९७१ सालीं वारला. तत्पूर्वीं तुरुंगांत असतांना दोघांनीं मिळून कैद्यांसाठीं पत्रद्वारा चालणारी शाळा काढली होती. दुसऱ्यास शिकवितांना विद्या नियमांत राहते, हें त्यांस तेथें समजलें असेल तर बरेंच झालें. शाळेंतून घरीं निघालेल्या त्या मुलास मात्र समजून घ्यावयास एक वर्षही मिळालें नाहीं, हें कोणत्याही दयेच्या हिशेबांत विसरतां कामा नये.

हा चित्रपट लहान मुलांस दाखवूं नये. परंतु ज्या घरीं अठरा-वीस वर्षांचा बुद्धिमान् मुलगा आहे, तेथें आईबापांनीं तो त्याच्यासह पाहावा. त्यास किती गुण मिळाले हें आपण नेहमीं विचारतों. घरांतील धाकट्यांशीं आणि गडीमाणसांशीं तो कसा वागतो, हें त्या दिवशीं तरी विचारावें.