नमुना कोणत्या विहिरीचा?

आमची थोरली मुलगी काय काम करते, असे कोणी विचारले की आम्ही दोघेही अडखळतो. डॉक्टर, मास्तरीण, बँकेतली बाई हे एका शब्दात सांगता येते. हे काम तसे नाही. 'पर्यावरणाचा रिपोर्ट बनवते' म्हटले की इंदोऱ्यातल्या आमच्या शेजारीणबाई विचारतात, "म्हणजे झाडं लावते काय वं?"

झाडे लावत नाही. कोळशाची खाण, वीज केंद्र, सिमेंटचा कारखाना असे काही उभारायचे असेल तर हवा, पाणी, जमीन आणि माणसे यांच्यावर त्याचा काय परिणाम होईल, याचा अहवाल आधी तयार करावा लागतो. केंद्र सरकारने २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने हे सक्तीचे केले. त्यानंतर १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना आली. असा अहवाल मान्यताप्राप्त सल्लागार संस्थाच करू शकते आणि त्यात प्रत्येक विषयाचा तज्ज्ञ वेगळा असतो. त्यामुळे पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. किंवा इंजिनियरिंग केलेल्यांनाच नव्हे, तर समाजशास्त्र आणि समाजकार्य शिकलेल्या मुलामुलींनाही इथे जागा आहे. आपल्या वस्त्यांमधून समाजकार्य शिकलेली किती पोरे रिकामी बसली आहेत! त्यांना हे कोणी सांगत नाही.

आम्हालाही कोणी सांगितले नव्हते. नीरी ही एवढी मोठी संशोधन संस्था १९५८ पासून आपल्याच नागपुरात आहे. तिच्या फाटकावरून आम्ही शेकडो वेळा सायकलने गेलो असू, पण आत काय चालते हे विचारावे असे कधी वाटले नाही. आमच्यापैकी एकाची उमर पॉवर हाऊसच्या ठेकेदाराकडे कोळसा ओढण्यात गेली, दुसरीची अंगणवाडीत मदतनीस म्हणून. मुलगी बी.एस्सी. झाली तेव्हा आमचा हेका एकच होता, आता नोकरी धर. शिष्यवृत्तीचे पैसे परीक्षा संपल्यावर यायचे. ती मात्र अडून बसली आणि एम.एस्सी. करूनच उठली.

पहिली चार वर्षे तिने नुसते नमुने गोळा केले. प्रकल्पाच्या भोवती दहा किलोमीटरच्या परिसरात फिरायचे. हवा ओढणारे यंत्र शाळेच्या नाहीतर ग्रामपंचायतीच्या गच्चीवर चोवीस तास चालवायचे. पांढरा कागद आत घालायचा, काळा झालेला बाहेर काढायचा आणि त्याचे वजन करायचे. विहिरीचे पाणी बाटलीत भरून बर्फाच्या डब्यात ठेवायचे. पावसाळा सोडून एका हंगामात, म्हणजे तीन महिने, हे चालते. उन्हाळ्यात ती घरी यायची तेव्हा ओळखू यायची नाही. पुढे ती पाण्याच्या विषयाची मान्यताप्राप्त तज्ज्ञ झाली आणि अहवालात तिच्या नावाखाली तिची सही जाऊ लागली. ते पान आम्ही झेरॉक्स करून कपाटात ठेवले आहे.

आता मुद्द्याचे सांगतो. दोन वर्षांपूर्वी एका खाणीचे काम होते. गावातल्या पाण्याचा तक्ता ती घरी पाहत बसली होती. तिच्या आईने सहज विचारले, "गावातली विहीर घेतली, आपल्या वस्तीतली घेतली काय?" तिच्या आईचे माहेर अशाच एका गावचे. वस्ती गावाबाहेर, नाल्याच्या काठाला. मुलगी गप्प झाली. नमुना चौकातल्या विहिरीचा होता. तो घेणारा पोरगा गाडी जिथवर जाते तिथवरच गेला होता.

ती स्वतः परत गेली. वस्तीच्या विहिरीत फ्लोराइड निघाले. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही शेवटची मर्यादा मानतात, हे त्याच्याही वर होते. पोरांच्या दातांवर डाग का आहेत, ते तिला तिथेच कळले.

साहेब म्हणाले, हे फ्लोराइड खडकातले आहे, खाण तर अजून सुरूही झाली नाही, मग अहवालात कशाला? ऐकायला बरोबर वाटते. पण मुलीचे म्हणणे असे की, खाण सुरू होण्यापूर्वीचे पाणी कसे होते याचीच तर ही नोंद आहे. उद्या खाणीतून पाणी उपसले, विहीर खोल गेली आणि पाणी आणखी बिघडले, तर वस्तीने कोणता कागद दाखवायचा? शिवाय जाणूनबुजून माहिती दडवली तर मिळालेली परवानगीही रद्द होऊ शकते, असे २००६ च्या अधिसूचनेतच आहे. पण अडचण अशी की सल्लागाराचे बिल प्रकल्पवालाच देतो. या धंद्याचे खरे दुखणे ते आहे.

तिने आम्हाला विचारले. आम्ही काय सांगितले ते लिहायला लाज वाटते. घराचा हप्ता चालू होता, धाकट्याची फी भरायची होती. "साहेब म्हणतात तसं कर बाई," असेच आम्ही म्हणालो. ती काही बोलली नाही. सकाळी डबा घेऊन गेली आणि साहेबांना सांगितले, आकडा जाणार नसेल तर माझी सहीही जाणार नाही.

आकडा गेला. मराठी सारांशातही गेला. जनसुनावणीत वस्तीतल्या एका बाईने तोच कागद हातात धरून विचारले, "आमच्या विहिरीत हे आहे, हे तुम्हाले माहीत आहे. मंग खाण खोदल्यावर आम्ही पाणी कुठलं प्याचं?" प्रश्न इतिवृत्तात लिहिला गेला आणि सर्वांपुढे वाचूनही दाखवला गेला. मुलगी मागच्या खुर्चीवर बसली होती. तिथे सल्लागाराने बोलायचे ते प्रकल्पाच्या बाजूने, म्हणून ती बोलली नाही.

पुढच्या कामात तिचे नाव नव्हते. सहा महिन्यांनी तिने दुसरी नोकरी धरली. तिथे पगार कमी आहे आणि घराचा हप्ता आता पाच तारखेऐवजी पंधराला जातो. सोमवारी ती पुन्हा फिरतीवर निघाली. बर्फाचा डबा दारात होता, आणि तिची आई त्या गावचा नकाशा समोर धरून नाला कुठून जातो ते बोटाने शोधत होती.