पहाटेची झोप वाया जात नाही

पहाटे चारला लातूरच्या उद्योग भवन परिसरात खोल्याखोल्यांतून दिवे लागतात. नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरातही तेच. परभणी, हिंगोली, बीड, धाराशिवकडची सोळा-सतरा वर्षांची मुलं नीटच्या तयारीसाठी इथं खोली घेऊन, डबा लावून राहतात. अनेकांना उठवायला गावाकडून आई-वडिलांचा फोन येतो. 'लातूर पॅटर्न'नं शेतकऱ्याच्या घरात डॉक्टर घडवले, याचा मला मनापासून अभिमान आहे. पण रात्री बाराला वही मिटायची आणि चारला उठायचं, हा नेम त्या अभ्यासाला चिकटला आहे. त्याची मला काळजी वाटते.

माझी पुतणी याच वर्गांना जाते. सुट्टीत घरी आली असताना एकदा पहाटे मी तिला उठवायला गेलो आणि उशाशीच थबकलो. पापण्या मिटलेल्या होत्या, पण त्यांच्याखाली बुबुळं भरभर सरकत होती. क्षणभर थांबायची, पुन्हा दोन-तीनदा झपाट्यानं इकडून तिकडे जायची. अंग सैल पडलेलं, करंगळी तेवढी एकदा थरकली. अंधाऱ्या खोलीत, मिटल्या डोळ्यांनी ती काहीतरी बघत होती. मी गजर बंद केला आणि बाहेर आलो.

या हलत्या डोळ्यांची शास्त्रीय नोंद 1953 साली शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी प्रसिद्ध केली. ॲसेरिन्स्कींनी सुरुवातीला स्वतःच्या लहान मुलालाच यंत्राच्या तारा जोडल्या होत्या. या झोपेला आज 'रेम' म्हणतात. पुढं फ्रान्समधल्या लिऑनच्या मिशेल जुव्हे यांनी मांजरांच्या मेंदूत त्यामागची हालचाल टिपली. मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात, विजेची एक लाट उठते. ती थॅलॅमसमधल्या जेनिक्युलेट केंद्रात येते आणि तिथून मेंदूच्या मागच्या बाजूच्या, दृष्टी सांभाळणाऱ्या भागात पोचते. डोळ्यांकडून आलेली माहिती जागेपणी याच केंद्रातून याच भागात जाते. फरक इतकाच की आता बाहेरचा उजेड नाही. लाट आतूनच निघालेली आहे. रेम सुरू होण्याआधी अर्धा-एक मिनिट या लाटा दिसू लागतात आणि मग डोळ्यांच्या हालचालींबरोबर झुबक्यांनी येत राहतात. उपचारासाठी मेंदूत इलेक्ट्रोड बसवलेल्या काही रुग्णांमध्ये अशाच लाटा माणसातही नोंदल्या गेल्या आहेत.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीनं सगळ्यात मोलाचा प्रयोग सुबिमल दत्ता यांचा. बोस्टनमध्ये त्यांनी उंदरांना एक नवा धडा शिकवला: इशारा मिळताच दुसऱ्या कप्प्यात जायचं, म्हणजे विजेचा झटका टळतो. शिकल्यानंतरच्या रेम झोपेत पॉन्समधल्या या लाटा दाट झाल्या. ज्यांच्यात त्या अधिक वाढल्या, त्यांची शिकण्यातली प्रगतीही अधिक होती. हे निष्कर्ष 2000 साली प्रसिद्ध झाले. उंदरावरून माणसाचा सगळा हिशेब मांडता येत नाही, हे खरं. तरी शिकलेलं मुरवण्याचं काम झोपेतही चालतं, ही गोष्ट आता दुर्लक्ष करण्याजोगी राहिलेली नाही.

आणि ही रेम झोप रात्रभर सारखी वाटलेली नसते. साधारण दर दीड तासानं ती फेरी मारते. पहिली फेरी काही मिनिटांची, शेवटची अर्ध्या तासापर्यंतही लांबते. रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप जास्त, पहाटे रेम जास्त. म्हणजे बारा ते चार झोपणाऱ्या मुलाची झोप नुसती निम्मी होत नाही, त्याची रेम झोप निम्म्याहूनही अधिक जाते. पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडं मानतात. ते खरं होवो न होवो, पहाटे स्वप्नं जास्त पडतात आणि ती आठवतातही, याचं कारण इथं सापडतं.

आमचे आजोबा पहाटे मोटेवर जायचे, ते कुठं आजारी पडले, असं कुणी विचारील. पण ते दिवेलागणीला जेवून आठ-नऊला अंग टाकायचे. लवकर उठण्याचा उपदेश करणारी म्हणसुद्धा लवकर निजण्यापासूनच सुरू होते. आपण तिचा उत्तरार्ध तेवढा मुलांवर लादला. त्यात या वयात झोप येण्याची वेळच निसर्गतः उशिरा सरकते आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. 2024 साली राज्य शासनानं चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आत भरवू नयेत, असा निर्णय घेतला. लहानग्यांच्या झोपेचा विचार झाला, हे चांगलंच झालं. अकरावी-बारावीच्या मुलांचा विचार मात्र आपल्यालाच करावा लागेल.

म्हणून क्लासचालकांना विनंती आहे की पहिली बॅच थोडी उशिरा ठेवा. आणि आई-वडिलांनो, फोन जरूर करा, पण तो रात्री दहाला, 'आता झोप' म्हणून सांगायला करा. पहाटे चारचा फोन बंद करा. त्या वेळी तुमचं लेकरू आळसात लोळत नसतं. दिवसभर वाचलेलं त्याचा मेंदू मुरवत असतो.