ग्वांतानामो : आदेश निघाला, टाळे लागले नाही

१/ २२ जानेवारी २००९. अध्यक्षपदाची शपथ घेऊन बराक ओबामांना अवघे दोन दिवस झाले होते. क्युबातील ग्वांतानामो नौदल तळावरचा तुरुंग वर्षभरात बंद करावा, या आदेशावर त्यांनी स्वाक्षरी केली. तेव्हा तेथे सुमारे २४० कैदी होते. तो तुरुंग अजूनही बंद झालेला नाही. असे का झाले, हा या थ्रेडचा विषय.

२/ आधी जागेविषयी. १९०३ च्या कराराने अमेरिकेने ही भूमी क्युबाकडून भाड्याने घेतली. सार्वभौमत्व कागदावर क्युबाचे, ताबा पूर्णतः अमेरिकेचा. आपल्या न्यायालयांचा हात येथवर पोचणार नाही, या हिशेबाने ११ जानेवारी २००२ रोजी पहिले २० कैदी येथे आणले गेले. पुढे ही संख्या सुमारे ७८० वर गेली. त्यांतील बहुतेकांवर कधीच आरोपपत्र ठेवले गेले नाही.

३/ तो हिशेब न्यायालयानेच मोडला. २००८ मध्ये बुमेदियन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ठरवले, की या कैद्यांनाही आपल्या कैदेला न्यायालयात आव्हान देण्याचा अधिकार आहे. तुरुंग बंद व्हावा, असे स्वतः जॉर्ज बुश म्हणाले होते. २००८ च्या निवडणुकीत ओबामा आणि मॅकेन या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांचेही तेच मत होते. मग अडले कोठे?

४/ तिजोरीपाशी. मे २००९ मध्ये तुरुंग बंद करण्यासाठी ८ कोटी डॉलर मागितले गेले. सिनेटने ९० विरुद्ध ६ मतांनी ते नाकारले. बहुमत ओबामांच्याच पक्षाचे होते! कैदी आपल्या राज्यात आणू देणारा लोकप्रतिनिधी अशी ओळख घेऊन निवडणुकीला सामोरे जाण्याची बहुतेकांची तयारी नव्हती.

५/ त्याच वर्षी ११ सप्टेंबरच्या हल्ल्याचा खटला न्यूयॉर्कच्या दिवाणी व्यवस्थेतील न्यायालयात, म्हणजे लष्कराबाहेर, चालवण्याची घोषणा झाली. विरोध इतका झाला, की २०११ मध्ये तो खटला लष्करी आयोगाकडे परत गेला. ग्वांतानामोतून न्यूयॉर्कला नेलेल्या घैलानीवर २८० हून अधिक आरोप होते, त्यांपैकी एकच सिद्ध झाला. शिक्षा जन्मठेपेची झाली, तरी टीकाकारांनी बोट ठेवले ते न टिकलेल्या आरोपांवर.

६/ जानेवारी २०११ मध्ये अखेरचा दोर कापला गेला. या कैद्यांना अमेरिकेच्या भूमीवर आणण्यास संरक्षण खात्याचा पैसा वापरता येणार नाही, अशी अट वार्षिक संरक्षण कायद्यातच घातली गेली. ओबामांनी नाराजी नोंदवत स्वाक्षरी केली. ती बंदी पुढे वर्षानुवर्षे कायम राहिली.

७/ या साऱ्यात मला सर्वाधिक अस्वस्थ करते ती २२ उइघुरांची कहाणी. ते अमेरिकेचे शत्रू नाहीत, हे सरकारनेच मान्य केले होते. चीनला परत पाठवावे, तर तेथे छळाचे भय. काहींना व्हर्जिनियात वसवण्याचा बेत २००९ मध्ये ठरला, ओरड झाली आणि बारगळला. कोणी अल्बानियाला गेले, कोणी बर्म्युडाला, कोणी पलाऊला. शेवटचे तिघे २०१३ च्या अखेरच्या दिवशी स्लोव्हाकियाला पोचले. ज्या देशाने त्यांना डांबले, त्याने स्वतःच्या भूमीवर एकालाही जागा दिली नाही.

८/ ओबामा गेले तेव्हा ४१ कैदी उरले होते. ट्रम्प यांनी २०१८ मध्ये तुरुंग चालू ठेवण्याचा आदेश काढला. बायडेन यांच्या अखेरीस १५ उरले. या उरलेल्यांतल्या काहींचे खटले छळातून मिळवलेल्या जबाबांमुळे वर्षानुवर्षे रखडले आहेत.

९/ ‘हा तुरुंग असाच राहावा’, असा ठराव त्या ९० जणांनी केला नव्हता. त्यांनी फक्त पैसे नाकारले, आणि तेवढे पुरेसे ठरले. म्हणून एखादे सरकार अन्याय संपवण्याची घोषणा करते, तेव्हा मी आता स्वाक्षरीच्या छायाचित्राकडे पाहत नाही. त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद आहे का, आणि सुटणाऱ्या माणसांना कोण आपल्या गावात घेणार आहे, एवढेच पाहतो.